सरळ जाणाऱ्या चाकाचा वाकडा इतिहास

कुठल्याही मोटारीसमोर चार पावलांवर उभं राहून तिची पुढची दोन चाकं बघा. ती ताठ उभी आणि एकमेकांना समांतर दिसतात. प्रत्यक्षात तशी ती नसतात. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये चाकाचा माथा किंचित आत झुकलेला असतो, अंशाच्या आत-बाहेर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं मिलिमीटर-दोन मिलिमीटर एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली असतात. स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्षही थोडा मागे कललेला असतो. यातल्या पहिल्या कोनाला कॅम्बर म्हणतात, दुसऱ्याला टो आणि तिसऱ्याला कॅस्टर. टायरच्या दुकानाबाहेर ‘व्हील अलाइनमेंट’ची पाटी दिसते, ती या तीन कोनांच्या जुळणीची.

म्हणजे गाडी सरळ जावी म्हणून चाकं मुद्दाम थोडी वाकडी बसवलेली असतात. नेमकी किती वाकडी, हे शिकण्यात माणसाची दोनशेहून जास्त वर्षं गेली. त्या शिक्षणात चूक झाली की ती आधी चाकाच्या कडेवर उमटायची. पूर्वी लोखंडावर, मग रबरावर.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. पण मोडी कागद वाचण्याच्या कितीतरी आधी मी टायर वाचायला शिकले, कारण साताऱ्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गॅरेज होतं. पुढे अभिलेखागारात बसायला लागल्यावर कळलं, की दोन्हीकडे काम एकच. वर काय लिहिलंय ते बघायचं, आणि कागद कुठे जास्त मळलाय, कुठे घडीवर विरलाय, तेही बघायचं.

चाकोरी

‘चाकोरीबाहेरचा’ हा शब्द आपण आता करिअरसाठी आणि सिनेमासाठी वापरतो. मूळची चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेला चर. गावातला सुतार तुंबा, आरे आणि पुठ्या घडवून चाक जोडायचा. लोहार लोखंडाची धाव तापवून त्यावर चढवायचा आणि पाणी ओतून ती आवळून बसवायचा. चाक आणि आख यांच्यात मोकळीक बरीच. त्यामुळे चाक डुलत चालायचं आणि अरुंद लोखंडी धाव रस्ता कापत जायची. एकदा चाकोरी पडली की पुढची गाडी तिच्यातूनच जाणार. तिथे चाक सरळ ठेवायचं काम रस्त्यानेच अंगावर घेतलेलं असायचं.

इंग्लंडच्या घोडागाड्यांच्या कारागिरांनी हाच प्रश्न चाकाच्या घडणीत सोडवायचा प्रयत्न केला. सरे परगण्यातल्या फार्नम गावी जॉर्ज स्टर्ट नावाच्या माणसाकडे वडिलोपार्जित चाकांचा कारखाना होता. त्याने १९२३ साली या धंद्यावर ‘द व्हीलराइट्स शॉप’ हे पुस्तक लिहिलं. तिथली चाकं सपाट नसत, उथळ बशीसारखी खोलगट असत. तसं का, या प्रश्नाचं उत्तर स्टर्टला घोड्याच्या चालीत सापडलं. घोडा चालताना प्रत्येक पावलाला डावीकडे-उजवीकडे झुकतो, गाडीतलं ओझं तसंच हेलकावतं आणि चाकाला आतून बाहेर धक्के बसत राहतात. सपाट चाक अशा धक्क्यांनी निखळेल, बशीसारखं चाक ते पेलेल.

पण बशीसारखं चाक सरळ उभं केलं तर खालचा आरा तिरका पडतो आणि सगळा भार तिरक्या आऱ्यावर येतो. म्हणून आखाची टोकं किंचित खाली वाकवली जात. चाकाचा माथा बाहेर झुके आणि खालचा आरा ताठ उभा राही. हाच कॅम्बर.

आता नवी अडचण. कललेलं चाक शंकूसारखं वागतं. आइसक्रीमचा रिकामा कोन टेबलावर आडवा ठेवून ढकला, तो सरळ न जाता गोल फिरतो. तशी दोन्ही चाकं बाहेर पळू बघत आणि त्यांना अडवणारी खीळ घासत राही. त्यावर उपाय म्हणून आखाची टोकं थोडी पुढेही वाकवली जात, म्हणजे चाकांची तोंडं जराशी आत वळत. हा टो. पेट्रोलचं इंजिन यायच्या आधी, अंशांत मोजणारं कुठलंही यंत्र नसताना, लोहाराच्या ऐरणीवर हे दोन कोन ठरत होते. बरोबर ठरले की नाही, हे घासलेल्या लोखंडावरून कळत होतं.

शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं

हे झालं सरळ जाण्याचं. वळण्याचा प्रश्न निराळा होता. गाडी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळवली तर त्यांतलं एक तरी फरफटणार. जुन्या बग्ग्यांमध्ये पुढचा अख्खा आख मधल्या एका खिळीवर फिरायचा. फरफट टळायची, पण बग्गी तीव्र वळणात कलंडायची भीती असायची.

म्यूनिकचा बग्गी बनवणारा गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१६च्या सुमारास यावर उपाय काढला. आख जागेवरच ठेवायचा. प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर फिरवायचं. दोघांना दांड्यांनी असं जोडायचं, की वळताना आतलं चाक जास्त वळेल. लंडनमध्ये या कल्पनेचं पेटंट १८१८ साली त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याने घेतलं. आकरमनची ओळख चित्रांचा आणि पुस्तकांचा प्रकाशक अशी. आज जगभरच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत या रचनेला ‘अ‍ॅकरमन स्टिअरिंग’ म्हणतात आणि लांकेनश्पेर्गर तळटीपेत जातो. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या मध्यावर, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी स्वतःच्या घोडागाडीसाठी अशीच कल्पना लढवली होती. डॉक्टर असल्यामुळे त्यांचा पुष्कळ वेळ रस्त्यावर जायचा.

बग्गीवाल्यांनी या शोधाकडे फारसं लक्ष दिलं नाही. घोड्याच्या वेगाला त्याची निकड नव्हती. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या मोटारीला तीनच चाकं होती, कारण पुढे दोन चाकं ठेवून ती नीट वळवायची कशी, हे त्याला अजून पटेल असं सुटलं नव्हतं. चौथं चाक १८९३ साली आलं, आणि ते याच तत्त्वावर वळत होतं.

रबराने नोंद ठेवायला सुरुवात केली

लोखंडी धाव सावकाश झिजते. रबर पटकन झिजतं आणि नेमकं झिजतं. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच नोंदवली होती, पण ती विसरली गेली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी ती नव्याने शोधली. १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवरची मोटार उतरवली. टायर वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर झाले, तरी पुढची दिशा ठरली.

ते टायर महाग होते आणि लवकर संपायचे. रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळायला लागल्यावर त्यांचं आयुष्य खूप वाढलं. टायर काळे दिसायला लागले ते तेव्हापासून. पण आयुष्य वाढलं तसा एक नवा प्रश्न ठळक झाला. एकाच गाडीचा एक टायर टिकतो, दुसरा अर्ध्यात संपतो, असं का?

थोडं गणित करू. समजा चाकाचं तोंड सरळ रेषेपासून फक्त पाव अंश वळलेलं आहे. डोळ्याला हे कधीच दिसणार नाही. गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक सुमारे साडेचार मीटर आडवं ओढलं जातं. चाळीस हजार किलोमीटरमध्ये हे आडवं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ मुंबई ते नाशिक. रबर लवचीक असल्याने त्यातला बराचसा ताण ते वाकून सोसतं, प्रत्यक्ष घासणं याहून कमी होतं. तरीही टायर कडेने का जातो, ते यावरून कळेल.

१९२०च्या दशकात पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, कमी हवेचे जाडजूड ‘बलून’ टायर आले, आणि गाड्यांना एक विचित्र आजार जडला. ठरावीक वेग गाठला की पुढची चाकं जोरजोरात थरथरायची, इतकी की स्टिअरिंग धरवत नसे. इंग्रजीत याला शिमी म्हणतात. फ्रान्समध्ये ब्रुलिए या अभियंत्याने चाकाची दिशा आणि गाडीची प्रत्यक्ष दिशा यांच्यातल्या फरकाचा अभ्यास केला. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली याने पुढचा अखंड आखच काढून टाकायचा आग्रह धरला. एक चाक खड्ड्यात गेलं की आख दुसऱ्यालाही हलवतो, म्हणून दोन्ही चाकं वेगळी टांगायची. १९३४च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या गाड्यांत हे दिसू लागलं.

थरथर आटोक्यात आली, पण एक किंमत मोजून. अखंड आखाचे कोन एकदा लोखंडात वाकवले की कायमचे. नव्या रचनेत चाक आर्म, बुश आणि बॉल जॉइंट यांच्यावर टांगलेलं. यातलं काहीही झिजलं की कोन बदलणार. अलाइनमेंट ही पुन्हा पुन्हा तपासायची गोष्ट झाली, ती या काळात.

ओळंबा, खडू आणि दोरा

आपल्याकडे टायर ही बराच काळ जपून वापरायची वस्तू होती. डनलॉपचा साहागंजचा कारखाना १९३६चा. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला, रबराचा मोठा पुरवठा तुटला आणि टायरांवर रेशनिंग आलं. स्वातंत्र्यानंतर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट येऊ लागल्या, १९५८ साली सिएट मुंबईत सुरू झाली. तरी नवा टायर घेणं हा घरातला मोठा खर्च असायचा. टायर गोटा झाला की रिमोल्ड करायचा. त्यासाठी खालचा सांगाडा शाबूत लागतो. एका कडेने तारा दिसेपर्यंत झिजलेला टायर रिमोल्डवालाही घेत नसे. त्यामुळे वाकडी झीज वेळेत ओळखणं म्हणजे पैसे वाचवणं होतं.

अण्णांच्या गॅरेजमध्ये अलाइनमेंटचं यंत्र नव्हतं. कॅम्बरसाठी ओळंबा होता, गवंड्याकडे असतो तोच. तो मडगार्डवरून सोडायचा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर मोजायचं. टोसाठी चाक जॅकवर उचलून गरगर फिरवायचं, फिरत्या टायरच्या मधोमध खडू लावायचा आणि खडूवर खिळ्याने एक बारीक रेघ ओढायची. दोन्ही चाकांवर अशा रेघा काढल्या की गाडी खाली घ्यायची, थोडी पुढे ढकलायची आणि रेघांमधलं अंतर आधी चाकांच्या पुढून, मग मागून मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे टो. मी आणि माझा भाऊ पट्टीची दोन टोकं धरायचो.

पण मोजमाप नंतर. आधी अण्णा टायरवरून हात फिरवत. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग उंच राहिलाय, तर हवा कमी. मधलाच पट्टा गेलाय, तर हवा जास्त. एकच कड सपाट, गुळगुळीत झिजलीय, तर कॅम्बर. ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडलेत, तर शॉकअप गेलाय किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. टोची खूण सगळ्यांत सूक्ष्म. टायरवरच्या पट्ट्यांची एक कड बोथट होते, दुसरी धारदार राहते. हात एका दिशेने फिरवला तर मऊ लागतं, उलटा फिरवला तर करवतीसारखं. आतून बाहेर येताना बोचलं तर चाकांची तोंडं जास्त आत वळलीत. बाहेरून आत जाताना बोचलं तर जास्त बाहेर.

उभी गाडी, चालती गाडी

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू गॅरेजमधली सगळी भाषा बदलली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, आणि रस्त्यांवर रेडियल टायर. रेडियलचं पेटंट मिशलँने १९४६ साली घेतलं होतं, आपल्याकडे ते रुळायला काही दशकं गेली. मॅकफर्सन रचना स्वस्त आणि आटोपशीर. पण तिच्या बऱ्याच गाड्यांमध्ये पुढे फक्त टो कमी-जास्त करता येतो. कॅम्बर आणि कॅस्टरला स्क्रूच नसतो. ते चुकले असतील तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा बसलंय, आणि तो भाग शोधून दुरुस्त करावा लागतो.

याच काळात यंत्रं आली. आधी प्रकाशझोताची, मग कॉम्प्युटरची, मग कॅमेऱ्याची. चाकांना चौकोनी पाट्या लावायच्या, पडद्यावर आकडे येतात. चुकलेले लाल, बरोबर आलेले हिरवे. अंशाच्या शंभराव्या भागापर्यंतची ही अचूकता ओळंब्याला कधीच साधली नसती. मी या यंत्राच्या विरोधात नाही. पण ते नेमकं काय मोजतं, हे माहीत असायला हवं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या टायरची आतली कड बावीस हजार किलोमीटरमध्ये संपत आली. बाहेरून टायर नव्यासारखा. एका दुकानात सहा महिन्यांत तीनदा अलाइनमेंट झालं. तिन्ही वेळा सगळे आकडे हिरवे असलेला कागद मिळाला, तिन्ही वेळा बिल झालं, आणि झीज चालूच राहिली. चौथ्या वेळी मी गाडी घेऊन साताऱ्याला गेले.

अण्णा आता पंचाहत्तरीचे. त्यांनी टायरवरून दोन्हीकडून हात फिरवला. बाहेरून आत जाताना बोचत होतं. मग त्यांनी मला गाडीत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितला, आणि शेजारच्या दोन पोरांना गाडी मागून ढकलायला लावली. ते स्वतः वाकून लोअर आर्मकडे बघत होते. आर्मचा मागचा रबरी बुश फाटला होता. गाडी उभी असताना चाक जागेवर राही. ब्रेक लागला की आर्म मागे सरके आणि चाकाचं तोंड बाहेर वळे. पुणे–सातारा रस्त्यावर ब्रेक किती वेळा लागतो, ते त्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको.

“मशीननं उभी गाडी बघितली,” अण्णा म्हणाले. “टायर चालत्या गाडीखाली होता.”

बुश अलाइनमेंटच्या एका बिलापेक्षा स्वस्त निघाला. बसवल्यावर अण्णांनीच मला यंत्रावर पाठवलं, कारण भाग बदलला की कोन पुन्हा जुळवावे लागतात आणि ते काम यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं करतं. फक्त क्रम महत्त्वाचा. आधी टायर बघायचा, मग सांधे हलवून बघायचे, सगळ्यांत शेवटी यंत्र.

अभिलेखागारात आम्हाला हेच शिकवतात. अहवाल एका क्षणाचा असतो, अनेकदा तपासणीच्या दिवसाचा. रोजच्या वापराच्या खुणा वेगळीच हकीकत सांगतात. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आतली कड

जुन्या गाड्यांची चाकं माथ्याकडून बाहेर झुकलेली असत, त्यामुळे कोन बिघडला की अनेकदा बाहेरची कड झिजे आणि येता-जाता दिसे. आजच्या गाड्यांचा माथा आत झुकतो. वळणावर त्यांची पकड चांगली राहते, पण कोन बिघडला की आतली कड जाते आणि ती मडगार्डखाली लपलेली असते. शिवाय रस्ते बदलले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी परिवहन खात्याला तिथे गाड्यांचे टायर तपासून झिजलेल्यांना परत पाठवायची वेळ आली. तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगाने धावताना बाहेरून धडधाकट आणि आतून तारांपर्यंत गेलेला टायर काय करील, हे सांगायला इतिहासकार नको.

त्यामुळे पुढच्या लांबच्या प्रवासाआधी एवढं करा. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि इंजिन बंद करून खाली उतरा. पुढच्या चाकाची आतली बाजू आता दिसेल. मोबाइलचा टॉर्च लावा. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला असेल, तर खाच १.६ मिलिमीटरच उरली आहे आणि टायर कायद्यानेही संपला आहे. बाजूला कोरलेला चार आकड्यांचा शिक्का बघा. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. मग तारा बाहेर आलेल्या नाहीत ना, हे डोळ्यांनी बघून तळवा हलकेच आडवा फिरवा, एकदा आत, एकदा बाहेर. बोचलं तर कुठल्या दिशेने बोचलं ते लक्षात ठेवा आणि दुकानात गेल्यावर यंत्र सुरू व्हायच्या आधी सांगा.